बाबा बरे झाले की नाही, आणि त्यावर माझं लग्न का ठरतंय?

"काकू, नाव छापू नका, सातारा जिल्हा एवढंच लिहा. बाबा ५७ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. २०२१ मध्ये मल्टिपल मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या पेशींचा कॅन्सर निघाला, त्याआधी वर्षभर पाठदुखी म्हणून पट्टा आणि गोळ्याच चालल्या होत्या. मग इंजेक्शनं, २०२२ ला बोन मॅरो ट्रान्सप्लांट, तेव्हापासून सगळे रिपोर्ट क्लीन, एमआरडी (उरलेल्या आजारी पेशी शोधायची टेस्ट) पण निगेटिव्ह आली. रोजची लेनालिडोमाइडची १० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. डॉक्टरांना दर वेळी विचारतो बरे झाले का, ते म्हणतात रिमिशनमध्ये आहेत. काका म्हणतात रिपोर्ट क्लीन तर गोळी कशाला, आणि बाबांनाही ते पटायला लागलंय. आत्या म्हणते पोरीचं लग्न त्याच्या डोळ्यांदेखत उरकून घ्या. मी २६ ची आहे, मला एमपीएससीची मेन्स द्यायचीय. कुणीतरी आयआयटी मुंबईच्या कार-टीची (पेशंटच्याच पेशी बदलून परत चढवायचा उपचार) बातमी पाठवली, त्यानं कायमचं बरं होतं म्हणे. सरळ सांगा, बाबा बरे झालेत का? – एक मुलगी"

अगं बाळा, सरळ विचारलंस म्हणून सरळच सांगते, माहीत नाही. मला नाही, तुमच्या डॉक्टरांना नाही, आणि ते काही लपवत पण नाहीयेत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, मी बँकेतली रिटायर्ड बाई, पण २०१३ पासून हाच आजार अंगावर घेऊन फिरतेय, मलाही आधी आठ महिने कमरेचा पट्टाच होता, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मधेच उठून पाणी पिऊन आले.

आता एक कर. बाबांची फाईल काढ आणि २०२१ चा इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद शोध, ज्यावर आलेख छापलेला असतो तो. डावीकडे एक उंच सुळका दिसेल, तो अल्ब्युमिन, तो तुझाही तसाच येईल. मग मधे बारक्या टेकड्या, आणि उजवीकडे शेवटी गॅमाचा भाग, तिथे निरोगी माणसाला पसरट उंचवटा असतो कारण शरीरात हजार तऱ्हेच्या अँटिबॉडी थोड्या थोड्या बनत असतात. मायलोमात ह्या अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींतलं एकच घराणं माजतं आणि सगळ्या मिळून एकच प्रोटीन काढत सुटतात, मग त्या पसरट जागी लिंगाणा उभा राहतो. माझ्या पहिल्या कागदावर ३.८ चा लिंगाणा होता, मी तो बघून म्हटलं होतं की प्रिंटरची शाई उडाली असेल. आता बाबांचा अगदी अलीकडचा कागद त्याच्या शेजारी ठेव. तिथे कासचं पठार असणार. रिमिशन म्हणतात ते हे. काकांनी जे 'क्लीन' वाचलं ते पण हेच.

फक्त हा आलेख रक्ताचा आहे आणि आजार राहतो हाडाच्या पोकळीत. तुमच्याकडे शेती असेल नसेल पण हराळी माहीत असेलच. रान नांगरलं, वेचलं, वरून बघितलं तर काळंभोर स्वच्छ, आणि मातीत एक कांडी राहिली की पावसाळ्यात परत हिरवं. मायलोमाचं ट्रान्सप्लांट म्हणजे खोल नांगरट आहे. मेल्फालनचा मोठा डोस देतात (नर्सनं बाबांच्या तोंडात बर्फाचे खडे धरून ठेवायला लावले असतील ना, तोंड येऊ नये म्हणून, मला तर जत्रेतला गोळा आठवला होता, फक्त रंग नव्हता) आणि मग आपल्याच आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल परत सोडतात. एमआरडी म्हणजे त्या नांगरटीनंतर कांडी शोधायची टेस्ट. चांगल्या लॅबमध्ये एक लाख पेशींत एक, किंवा दहा लाखांत एक आजारी पेशी असली तरी सापडते. दहा लाख म्हणजे किती ते मी एकदा ज्वारीवर हिशोब करून बघितलं, हजार दाणे साधारण तीस ग्रॅम भरतात, म्हणजे दहा लाख दाणे तीस किलो. तीस किलो ज्वारीत एक खडा. बाबांच्या ज्वारीत तो खडा सापडला नाही, ही खरंच मोठी गोष्ट आहे, उगाच मन राखायला म्हणत नाहीये. पण ती ज्वारी एका पोत्यातली. मॅरो सगळीकडे सारखा नसतो, सुई कंबरेच्या हाडात एका जागी जाते आणि खडा दुसऱ्या पोत्यात असू शकतो. म्हणून डॉक्टर 'बरे' म्हणत नाहीत.

दुसरं कारण काळाचं. बऱ्याच कॅन्सरमध्ये पाच वर्षं निघाली की लोक पेढे वाटतात, कारण त्यानंतर परत येण्याचं प्रमाण फारच कमी होतं. मायलोमात तसा ठरलेला उंबरठा नाही. माझंच बघ, २०१४ ला ट्रान्सप्लांट, पाच वर्षं पठार, मी नातेवाइकांना जेवण घातलं, आणि २०१९ ला कागदावर ०.२ आलं, मग ०.४, मग ०.९. कुठे दुखत नव्हतं, हिमोग्लोबिन १२. हाडाला हात लागायच्या आधी कागदानं सांगितलं, म्हणून औषध वेळेत सुरू झालं आणि मी आज ही टायपिंग करतेय. दुसऱ्या फेरीत डाराटुमुमॅब नावाचं इंजेक्शन वगैरे झालं, तेव्हापासून परत पठार.

हे वाचून घाबरू नकोस, कारण आकडे तुझ्या बाजूचे आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतला डिटर्मिनेशन नावाचा अभ्यास छापून आला, ७२२ पेशंट, बाबांना बहुतेक दिली असतील त्याच जातीची तीन औषधं. ज्यांना सोबत लगेच ट्रान्सप्लांट केलं त्यांच्यात आजार परत डोकं वर काढेपर्यंतचा मधला काळ साडेसदुसष्ट महिने निघाला, म्हणजे साडेपाच वर्षांच्या थोडं पुढे. आत्याला हा आकडा चुकूनही सांगू नकोस, ती कॅलेंडरवर गोल करून ठेवेल. 'मधला' म्हणजे निम्मे लोक त्याच्या आधी आणि निम्मे त्याच्या नंतर, आणि नंतरवाल्यांची शेपटी लांब असते, कुणी सात, कुणी बारा. त्यात पहिल्या दोन वर्षांत ज्यांचा परत येतो ते सुरुवातीलाच मोजले गेलेत, बाबा त्यांच्यात नाहीत, ते पुढे निघून आलेत. परत आला म्हणजे संपलं असंही नाही, त्याच अभ्यासात ट्रान्सप्लांट लगेच केलेले आणि न केलेले दोन्ही गट जगण्याच्या बाबतीत तोपर्यंत सारखेच होते, कारण नंतरची औषधं हाताशी होती. युरोपातला पर्सियस नावाचा अभ्यास आहे, त्यात तीन औषधं अधिक ट्रान्सप्लांटवाले चार वर्षांनी शंभरातले अडुसष्ट जण आजार न वाढता होते, आणि चौथं औषध डाराटुमुमॅब सुरुवातीपासून दिलेले चौऱ्याऐंशी. अभ्यासातले पेशंट निवडून घेतलेले असतात हे खरं, तरी आमच्या वेळी असे आकडे कुणी बोलत पण नव्हतं.

आता 'बरं होणं' ह्या शब्दाकडे. हा शब्द मायलोमाच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं तोंडातून काढला नाही. त्यातला एक माणूस अपवाद, बार्ट बार्लोगी, अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये. त्यानं १९८९ च्या सुमारास टोटल थेरपी सुरू केली, म्हणजे सगळी हत्यारं सुरुवातीलाच, एकामागोमाग दोन ट्रान्सप्लांट. लोक त्याला अतिरेकी म्हणायचे. पण त्याच्या पेशंटांमध्ये पंधरा वर्षांनी, त्याहूनही पुढे आजार न परतलेले काही लोक निघाले, आणि आलेखाची रेघ खाली खाली जाण्याऐवजी एका जागी सपाट व्हायला लागली. रेघ सपाट होणं म्हणजे काहीजण खरंच सुटले असणार. मग भांडण सुरू झालं की ह्याला बरं म्हणायचं का, अजूनही चालू आहे. काही डॉक्टर 'फंक्शनल क्युअर' म्हणतात, मॅरोत एखादी कांडी असेलही पण ती उगवत नाही आणि माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशानं जातो. मला विचारशील तर मला तेवढं पुरे आहे, मला सर्टिफिकेट नकोय.

ज्या गोळीवर तुमच्याकडे वाद चाललाय तिचं घराणंही तिथूनच येतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी एका पेशंटच्या बायकोनं नवऱ्यासाठी शोधाशोध करून थॅलिडोमाइड द्या म्हणून पाठपुरावा केला. थॅलिडोमाइड म्हणजे गरोदर बायकांनी घेतल्यामुळे हजारो बाळं अपंग जन्मली ते बदनाम औषध. तिच्या नवऱ्याला उपयोग झाला नाही. पण लिटल रॉकला बाकीच्या पेशंटांवर करून बघितलं, ज्यांच्यावर सगळे उपाय थकले होते अशा ८४ जणांवर, आणि जवळपास तिसऱ्या हिश्श्याला गुण आला. १९९९ मध्ये ते छापून आलं, पहिलं नाव डॉक्टर सीमा सिंघल. लेनालिडोमाइड ही त्याच औषधाची सुधारलेली पोर. म्हणूनच तुला एक सांगते जे कदाचित कुणी सांगितलं नसेल, ती कॅप्सूल तू उघडायची नाही, फुटली तर हातात घ्यायची नाही, डबीत भरायचं काम बाबा स्वतः करतील. तुझ्या वयाच्या मुलींसाठी ही खबरदारी आहे, चेष्टा नाही.

काकांचं म्हणणं मला कळतं हं. रिपोर्ट चांगला आणि गोळी चालू हे विचित्रच वाटतं. पण गोळी चालू आहे म्हणून पठार आहे की पठार आहे म्हणून गोळीची गरज नाही, हे घरात बसून ठरत नाही. ट्रान्सप्लांटनंतर ही गोळी दिलेले आणि न दिलेले असे तीन अभ्यासांतले बाराशेवर पेशंट एकत्र करून २०१७ मध्ये हिशोब मांडला, आजार परतेपर्यंतचा मधला काळ गोळीवाल्यांत जवळपास ५३ महिने, बाकीच्यांत साडेतेवीस. दुपटीहून जास्त. गोळीचे तोटे पण आहेत, पांढऱ्या पेशी कमी होतात, जुलाब, रक्ताच्या गाठीचा धोका, आणि दुसरा एखादा कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढते. त्यामुळे कायम घ्यायची की काही वर्षं एमआरडी निगेटिव्ह राहिली तर थांबवायची, हा प्रश्न बावळट नाही, मोठमोठे लोक तेच तपासतायत, अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं नावच ड्रॅमॅटिक आहे, त्यात एमआरडी निगेटिव्ह लोकांचे दोन गट करून एकाची औषधं थांबवलीयत. तेव्हा बाबांना म्हण, बंद करायची तर डॉक्टरांसमोर बसून विचारा की मी थांबवली तर चालेल का, माझ्या सुरुवातीच्या फिश टेस्टमध्ये (आजारी पेशींची गुणसूत्रं तपासतात ती) १७पी किंवा ४-१४ असा काही वाईट बिघाड निघाला होता का, थांबवली तर किती महिन्यांनी काय तपासायचं. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन थांबवली तर तो निर्णय, आणि काका म्हणाले म्हणून डबी कपाटात टाकली तर तो हट्ट. आणि गुपचूप तर अजिबात नको, मी एक गृहस्थ बघितलेत जे सहा महिने गोळ्या कुंडीत टाकत होते.

कार-टीची बातमी खरी आहे आणि तुमच्या कामाची नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल ह्यांच्या कामातून जी नेक्सकार१९ निघाली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली, अभिमानाचीच गोष्ट. पण ती सीडी१९ नावाची खूण असलेल्या पेशी मारते, लिम्फोमा आणि ल्युकेमियातल्या. मायलोमाच्या पेशींवर मुख्य खूण बीसीएमए ही असते, त्याची कार-टी वेगळी. तुझ्या त्या 'कुणीतरी'नं बहुतेक तिची बातमी ह्या बातमीत मिसळलीय. तिकडे अमेरिकेत सिल्टा-सेल नावाची २०२२ पासून मिळते, आणि २०२५ मध्ये जे जाहीर झालं ते वाचून मी खरंच थोडी रडले. ९७ पेशंट, आधी खूप उपचार करून थकलेले, मधला आकडा सहा प्रकारचे उपचार. एकदाच सलाईनसारखी ती पेशींची पिशवी चढवली, नंतर ना गोळी ना इंजेक्शन. पाच वर्षांनी ९७ पैकी ३२ जण आजार न परतता जिवंत. तिसरा हिस्सा. जे लोक काही महिन्यांचे सोबती समजले जात होते त्यांच्यातला तिसरा हिस्सा! तिकडचे डॉक्टर आता 'क्युअर' शब्द कुजबुजत का होईना उच्चारतात तो ह्यामुळे. किंमत चार लाख डॉलरच्या वर आहे, तापाचे, मेंदूचे, इन्फेक्शनचे धोके आहेत, आणि रिमिशनमध्ये ठणठणीत असलेल्या माणसाला आत्ता तिची गरज पण नाही. बाबा जितकी वर्षं ह्या पठारावर काढतील तितकी ती औषधं स्वस्त होत जवळ येत जातील असं मला वाटतं, मी स्वतःसाठी पण तोच हिशोब धरून बसलेय.

आता आत्या. आत्या वाईट नाहीये, तिला भावाची भीती वाटतेय आणि ती भीती तिला लग्नाच्या भाषेतच बोलता येते. पण 'डोळ्यांदेखत' ह्या शब्दात काय आहे ते तुला कळलंय म्हणूनच तू पत्र लिहिलंस. तो शब्द बाबांच्या समोर बोलला जातो ना? मग ते रोज सकाळी गोळी घेताना काय विचार करत असतील सांग. माझ्या मुलाचं पण असंच घाईत करायचं चाललं होतं २०१४ ला, माझे केस पण आले नव्हते, मी म्हटलं फोटोत टकली सासू नकोय मला, थांबा. तो विषय हसण्यावारी गेला आणि त्यानं २०१८ ला स्वतःच्या मर्जीनं केलं. तुला हसण्यावारी नेता येत नसेल तर आत्याला एवढंच म्हण, आत्या, बाबांचे डोळे चांगले आहेत, मेन्सचा निकाल पण बघू दे त्यांना. आणि हे बाबांनीच म्हटलं तर उत्तमच, त्यांच्याशी एकटीनं बोल, स्वयंपाकघरात नको, बाहेर, चालताना.

स्थळं बघताना कुणी 'आनुवंशिक आहे का' विचारलं तर मान खाली घालू नकोस. जवळच्या नातेवाइकांत शक्यता दुपटीच्या आसपास असते पण मुळात हा आजारच कमी लोकांना होतो, त्यामुळे ती 'दुप्पट' सुद्धा फार थोडी. बापाकडून पोरीकडे उतरणारा असा हा आजार नाही, आणि तुला आत्ता कसली टेस्ट करायची पण गरज नाही. एवढं सांगूनही जो फोन ठेवतो त्याचे आभार मान.

राहिलेल्या बारक्या गोष्टी, ज्या मोठ्या आहेत. पाठ दुखली की मेडिकलमधून पेनकिलर आणायची नाही, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे तर नाहीच, मायलोमावाल्याची किडनी आधीच हळवी असते. भस्मं, काढे, कुणाच्या गावचं झाडपाल्याचं औषध, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोलेड्रॉनिक ॲसिडचं हाडाचं इंजेक्शन चालू असेल किंवा झालेलं असेल तर दात काढायच्या आधी डेंटिस्टला ते सांगायचं, नाहीतर जबड्याच्या हाडाचं दुखणं मागे लागतं. लघवीला फेस, नवीन जागी हाड दुखणं, जिना चढताना दम, सारखा ताप, ह्यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि रक्त दर वेळी एकाच लॅबला द्या. लाइट चेनचा (अँटिबॉडीचा छोटा तुकडा, रक्तात मोजतात) आकडा सर्दीनं, इन्फेक्शननं, किडनीनं पण थोडा हलतो, एका रिपोर्टवर अख्खं घर उपाशी झोपवू नका, परत तपासून दोनदा चढला तरच तो चढला. ट्रान्सप्लांटनंतरच्या लसी राहिल्या असतील तर विचारा, लहानपणीच्या बऱ्याच लसी परत घ्याव्या लागतात, हे आमच्याकडे तीन वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

एमआरडीचा कागद सापडला की त्यावर तारीख आणि 'एक लाखात' की 'दहा लाखांत' ते बघ आणि मला कळव, त्यावरून गोळीच्या प्रश्नात फरक पडतो. फाईल लॅमिनेट करू नकोस, काही प्रिंट काळे पडतात, मोबाईलवर फोटो काढून ठेव. माझीही रक्ताची तारीख आलीय, गुरुवारी. ह्या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही हे मला बारा वर्षं माहीत आहे, तरी मी चहा न घेताच जाते, आणि परत येताना कोपऱ्यावर दोन वडापाव खाते.